यादीबाहेरचा मॅक

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत एक यादी निघते. म्हाडाचं इमारत दुरुस्ती मंडळ अतिधोकादायक इमारती जाहीर करतं आणि गिरगाव-काळबादेवीतली माणसं चष्मा पुसून आपल्या चाळीचं नाव शोधायला लागतात. साधारण त्याच दिवसांत, जूनमध्ये, तिकडे कॅलिफोर्नियात ॲपलची वार्षिक परिषद भरते आणि तिथूनही एक यादी येते: दिवाळीच्या आसपास येणारी नवी मॅकओएस, म्हणजे मॅक चालवणारी सिस्टिम, कुठल्या कुठल्या मॉडेलांवर चालेल. म्हाडाच्या यादीत नाव आलं की धसका, ॲपलच्या यादीतून गेलं की धसका. एवढाच फरक.

दुसऱ्या यादीतून नाव गेलं म्हणून कोणी लगेच जागा रिकामी करायला सांगत नाही. मशीन कालच्यासारखंच सुरू होतं. सुरक्षेचे अपडेट आणखी दोनेक वर्षं येत राहतात, मग तेही थांबतात. पुढे ब्राउझर कुरकुरायला लागतो. मग बँकेची साइट उघडेना होते, आयकराचं पान अर्धवट दिसतं, आणि एक दिवस घरातलं कोणीतरी म्हणतं, "हा लॅपटॉप गेला वाटतं." तो गेलेला नसतो. त्याचा पंखा, पडदा, कीबोर्ड, सगळं ठणठणीत असतं. गेलेलं असतं ते फक्त यादीतलं नाव.

यादीला कारणच नसतं असं मी म्हणणार नाही. धोकादायक ठरवलेल्या इमारतींपैकी काही खरोखरच धोकादायक असतात. २०१८ साली मॅकओएसची मोहावी ही आवृत्ती आली, तिला 'मेटल' ही ग्राफिक्सची नवी यंत्रणा पेलणारी चिप हवी होती, आणि २०१२ च्या आधीचे बहुतेक मॅक तिथेच गळाले. ते समजू शकतं. पण पुढच्या काही याद्या वाचताना हार्डवेअरमधलं असं ठसठशीत कारण मला तरी दिसलं नाही.

माझ्या हाती आला तो मॅक २०१२ च्या मॉडेलचा, तेरा इंची मॅकबुक प्रो, पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत 'ए१२७८' छापलेला. मॉडेल २०१२ चं असलं तरी ॲपलने ते ऑक्टोबर २०१६ पर्यंत विकलं. माझ्या मावसभावाने त्याच वर्षी दसऱ्याला घेतलं, लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायला. २०१९ ची कॅटलिना ही त्यावर अधिकृतपणे चालणारी शेवटची सिस्टिम. २०२० च्या नोव्हेंबरात बिग सर आली आणि या मॉडेलचं नाव वगळलं गेलं. झेंडूची फुलं वाहून, कुंकू लावून घरात घेतलेलं मशीन चार वर्षांत यादीबाहेर. २०२२ मध्ये कॅटलिनाचे सुरक्षा अपडेट थांबले, २०२४ मध्ये क्रोमनेही तिची साथ सोडली. भावाने तोवर नवीन घेतलं होतंच. जुनं मावशीकडे कपाटात पडून होतं, चार्जरसकट, मूळच्या खोक्यासकट.

मी मुद्रितशोधनाची कामं घरून करते. मला लागतं ते एक बरं वर्ड प्रोसेसर, पीडीएफ, आणि डझनभर टॅब उघडे ठेवूनही न रुसणारा ब्राउझर. मावशी म्हणाली, "घेऊन जा गं, नाहीतर भंगारवाल्याला देते मी." आमच्याकडे एवढं पुरतं. ॲपलची सिस्टिम काढून त्यावर लिनक्स, ही कोणालाही फुकट वापरता येणारी खुली सिस्टिम, टाकायचं मी ठरवलं.

जुन्या मॅकच्या बाबतीत कागद कसा यंत्रापेक्षा मोठा ठरतो, याचं ३० सप्टेंबर २०२१ एवढं चोख उदाहरण दुसरं नाही. त्या दिवशी, साइट खरी आहे याची खात्री देणाऱ्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था असंख्य साइट्सना फुकट सुरक्षा प्रमाणपत्रं देते, आणि जुन्या मशीनांमध्ये त्या प्रमाणपत्रांची साखळी जाऊन टेकत होती ती या मुदत संपलेल्या मूळ कागदाला. एल कॅपिटन किंवा त्याहून जुनी सिस्टिम असलेल्या मॅकवर सफारीत काल उघडणारी पानं आज उघडेनात. मशीनमध्ये एक कणही बिघडला नव्हता. गंमत म्हणजे त्याच मशीनवर फायरफॉक्स चालत होता, कारण तो आपली प्रमाणपत्रं आपल्या झोळीत घेऊन फिरतो, सिस्टिमकडे मागत नाही. तेव्हा कितीजणांनी 'वायफाय गेलं' म्हणून राउटर बदलले असतील, देव जाणे.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मी गेले ती रॅम आणि एसएसडी घ्यायला. ज्याच्याकडे नेहमी जाते तो दुकानदार जिन्याखालच्या जागेत बसतो. टेबलावर दिवा, भिंग, आणि कायम अर्धा भरलेला चहाचा ग्लास. त्याने लॅपटॉप हातात घेतल्या घेतल्या ट्रॅकपॅड दाबून बघितला. तो नीट दबत नव्हता. "बॅटरी फुगलीय, ताई. खालून वर रेटतेय." मग त्याने विचारलं, यात काय टाकायचंय. लिनक्स म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी दया म्हणेन.

"मॅकवर लिनक्स? मग मॅक कशाला? सेकंडहँड थिंकपॅड देतो ना, सगळं गपगुमान चालतं त्यात."

त्याचं खरं होतं. लिनक्स चालवायलाच मशीन घ्यायचं असेल तर जुना मॅक घेऊ नये, हे मीही कोणालाही सांगेन. पण मला घ्यायचं नव्हतंच काही. होतं ते वापरायचं होतं.

त्याने खालचे दहा स्क्रू काढले, साधे, फिलिप्सच्या पेचकसाने निघणारे. आत रॅमचे दोन खाचे, डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, बॅटरी, पंखा. प्रत्येक वस्तू वेगळी, हाताने उचलता येणारी. ॲपलने या मॉडेलसाठी कमाल रॅम आठ जीबी सांगितली होती, पण सोळा जीबी बसते आणि चालतेही, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. डिस्कला बोर्डाशी जोडणारी पट्टीसारखी केबल त्याने न विचारता बदलली. "ही पट्टी या मॉडेलात वयाप्रमाणे जातेच. डिस्क नवी घ्याल आणि शिव्या एसएसडीला द्याल." बोर्डाच्या एका कडेला पांढरट बुरा धरला होता. मावशीचं घर समुद्रापासून लांब नाही, आणि मुंबईच्या हवेला खारवायला खिडकी उघडी लागत नाही. त्याने ब्रश आणि आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, ते साफ केलं, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली.

शेजारच्या ट्रेमध्ये नंतरच्या वर्षांच्या मॅकबुकांचे बोर्ड होते. त्याने एक उचलून दाखवला. "हा बघा. रॅम चिकटलेली, डिस्क चिकटलेली. यात मी काय करणार? पूजा?" या वाक्याकडे मी परत येणार आहे.

लिनक्स टाकण्याची क्रिया आता कंटाळवाणी झाली आहे, आणि ते चांगलंच आहे. पेनड्राइव्हवर डेबियन १२ हा लिनक्सचा एक अवतार घेतला. चालू करताना मॅकचा तो ओळखीचा टण्ण वाजला की ऑप्शन कळ दाबून धरायची. पडद्यावर डिस्कच्या चित्राशेजारी एक केशरी चित्र येतं, 'ईएफआय बूट' लिहिलेलं, ते निवडायचं. टण्ण फर्मवेअरमधला, म्हणजे यंत्रातच आधीपासून भरलेल्या प्रोग्रॅममधला, असल्यामुळे लिनक्स टाकल्यावरही वाजतो. नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तेवढ्यावरून वाटलं की मी काहीच बदललेलं नाही.

वायफाय मात्र पहिल्या फटक्यात चालत नाही. या मॉडेलात ब्रॉडकॉमची बीसीएम४३३१ चिप आहे. तिच्यासाठी लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्रॅम, आहे, 'बी४३' नावाचा, पण चिपच्या आत भरायचं फर्मवेअर वाटायची परवानगी डेबियनकडे नाही. म्हणून ते इन्स्टॉलरच्या पोटात येत नाही. एक छोटं पॅकेज ते मूळ ठिकाणाहून उतरवून, सोलून, जागेवर ठेवतं. आता वायफायचं फर्मवेअर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला वायफाय हवं, हा सगळ्यांचा ठरलेला चकवा. २०१२ च्या प्रोला बाजूला इथरनेटचं भोक आहे, राउटरची वायर खुपसली की काम झालं. मॅकबुक एअरला ते नाही. तिथे अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करायचं. लिनक्सला तो फोन वायरच्या नेटवर्कसारखाच दिसतो.

पण मला सांगायचं आहे ते बी४३ च्या जन्माबद्दल. ब्रॉडकॉमने त्या चिपांची माहितीपत्रकं कधी खुली केली नव्हती. काही स्वयंसेवकांनी कंपनीचा तयार ड्रायव्हर उलगडून चिपशी तो काय बोलतो, कुठल्या पत्त्यावर कुठला आकडा लिहितो, हे टिपलं आणि त्याचं नुसतं वर्णन लिहून काढलं. ड्रायव्हरचा कोड लिहिणारे वेगळे. त्यांनी मूळ ड्रायव्हरकडे बघायचंच नाही, फक्त वर्णन वाचायचं आणि त्यावरून नवा कोड लिहायचा, म्हणजे नकलेचा आरोप कोणी करू शकणार नाही. २००६ साली, लिनक्स २.६.१७ मध्ये, त्या ड्रायव्हरची पहिली आवृत्ती आली. बी४३ तिचा पुढचा अवतार. या लोकांनी ओळीओळीने लिहिलेल्या वर्णनावर माझं मुलुंडमधलं वायफाय चालतं. मुद्रितशोधन करणारीला या कामाची जात ओळखू येते. दुसऱ्याने लिहिलेलं, त्याचा हेतू माहीत नसताना, अक्षर न अक्षर वाचून काढायचं, आणि शेवटी नाव कुठेही नाही.

थोड्या नव्या मॉडेलांत, २०१३ नंतरच्या एअरमध्ये वगैरे, दुसरी चिप आहे. तिच्यासाठी ब्रॉडकॉमने स्वतःच एक बंद ड्रायव्हर दिला, पण त्याची शेवटची आवृत्ती २०१५ ची. दर नव्या कर्नलबरोबर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या नव्या आवृत्तीबरोबर, तो मोडतो आणि डेबियन-उबुंटूची माणसं त्याला ठिगळ लावतात. जो ड्रायव्हर कंपनीने दिला तो लंगडतो आणि जो परक्यांनी चोरपावलांनी समजून घेऊन लिहिला तो बरा चालतो, हे मला अजून नीट पचलेलं नाही.

बाकी किरकोळ. पंखा लिनक्सवर कधी कधी आळशीपणा करतो, त्यासाठी 'एमबीपीफॅन' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम टाकायचा. ट्रॅकपॅड छान चालतो, मॅकओएसइतका लोण्यासारखा नाही. बॅटरी मॅकओएसपेक्षा लवकर उतरते. फायनल कट हा ॲपलचा व्हिडिओ एडिटिंगचा प्रोग्रॅम अर्थातच नाही, त्यामुळे भावाने हे मशीन परत मागण्याचा धोका नाही.

एक मात्र सांगितलंच पाहिजे. लिनक्स टाकल्यापासून हेडफोनच्या भोकातून लाल उजेड यायला लागला. नानांनी तो अंधारात पाहिला आणि लॅपटॉप खुर्चीवरून उचलून थेट मोरीत नेऊन ठेवला. "आत जळतंय काहीतरी. प्लग काढ आधी!" जळत काहीच नव्हतं. त्या काळच्या मॅकबुकांच्या हेडफोन जॅकमध्ये डिजिटल ऑडिओसाठी प्रकाशाची वाटही असते. मॅकओएस ती लागेल तेव्हाच उघडतं, लिनक्स उघडीच ठेवतं. आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन एसपीडीआयएफ म्यूट केलं की दिवा विझतो. नानांनी दुसऱ्या दिवशीही वाकून खात्री केली.

नाना म्हणजे प्रभादेवीच्या एका छापखान्यात आयुष्य गेलेला माणूस. सुरुवात खिळे जुळवण्यापासून, मग फोटोटाइपसेटिंग, आणि नव्वदच्या दशकात डीटीपी. त्या प्रेसमध्ये पॉवर मॅक होते. मॅकबद्दल ते बोलतात ते जुन्या साहेबाबद्दल बोलावं तसं: शिस्तीचा, महागडा, कधी अचानक बॉम्बचं चित्र दाखवून बंद पडणारा. त्याच काळात, १९९६ साली, ॲपलने स्वतःच ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या संशोधन संस्थेला हाताशी धरून पॉवर मॅकसाठी लिनक्स तयार करवून घेतलं होतं, एमकेलिनक्स नावाचं. नानांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना ते थापच वाटली. मग १९९९ मध्ये टेरा सॉफ्टचं यलो डॉग लिनक्स आलं, ते खास पॉवर मॅकमधल्या पॉवरपीसी चिपसाठी. २००५ च्या सुमारास तर खुद्द लिनक्सचा कर्ता लिनस टॉरवाल्ड्स दुहेरी प्रोसेसरचा पॉवर मॅक जी५ वापरत होता, त्यावर अर्थातच लिनक्स. तेव्हा मॅकवर लिनक्स टाकणं हा काही कालपरवाच्या कंजूष लोकांचा उद्योग नाही. पूर्वी तो हौसेचा होता, आता गरजेचा झालाय, एवढंच.

नानांकडे एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. त्यात प्रेस बंद झाल्यावर घरी आणलेल्या सीडी. काही नव्वदच्या दशकाच्या शेवटी मॅकवर लिहिलेल्या, वर त्यांच्या वळणदार अक्षरात 'दि. अंक', 'पतसंस्था', 'लग्नपत्रिका नमुने'. पुतण्याच्या नव्या मॅकबुकला बाहेरचा ड्राइव्ह जोडून त्यांनी त्या घालून पाहिल्या होत्या; मशीनने ओळख दाखवली नाही. कारण साधं आहे. त्या सीडी एचएफएस पद्धतीने लिहिलेल्या, म्हणजे १९८५ साली ॲपलनेच बनवलेल्या फाइल व्यवस्थेत. त्यावर लिहिणं ॲपलने २००९ मध्ये बंद केलं, आणि २०१९ च्या कॅटलिनापासून वाचणंही. लिनक्सच्या कर्नलमध्ये एचएफएस वाचणारा भाग अजून आहे.

माझ्या ए१२७८ ला डीव्हीडी ड्राइव्ह होता आणि लिनक्सही होतं. एक सीडी आत घातली, खूप वेळ घरघर झाली, आणि फोल्डर उघडला. एक सीडी वाचलीच गेली नाही. वरचा थर धुरकट झाला होता. बाकीच्या वाचल्या.

आत फाइली होत्या, पण बहुतेकींना शेपटीच नाही. जुन्या मॅकमध्ये फाइल कुठल्या प्रोग्रॅमची हे नावाच्या शेवटी लिहीत नसत, वेगळ्या जागी टिपून ठेवत, त्यामुळे बाहेरच्याला त्या नुसत्याच नावाच्या फाइली दिसतात. नाना मात्र नावावरून सांगत होते: ही क्वार्कची, ही पेजमेकरची (पानं लावायचे हे तेव्हाचे प्रोग्रॅम), ही स्कॅन. लिबरऑफिस या खुल्या ऑफिस-प्रोग्रॅममध्ये जुन्या पेजमेकरच्या फाइली उघडायची सोय २०१५ पासून आहे आणि क्वार्कएक्स्प्रेसच्या तिसऱ्या-चौथ्या आवृत्तीच्या फाइलींची २०१८ पासून. मी पतसंस्थेचा अहवाल उघडला. पान आलं. चौकटी जागच्या जागी, स्तंभ बरोबर, आणि मजकुराच्या जागी रोमन अक्षरं, स्वल्पविराम, डॉलर आणि डागण्या दिलेल्या स्वरांचा खच.

ज्यांनी त्या काळात मराठी डीटीपी केलंय त्यांना हे सांगायला नको. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच संकेतपद्धत, यायच्या आधी मराठी फॉन्ट म्हणजे वेषांतर होतं. संगणकाच्या दृष्टीने तिथे इंग्रजी अक्षरच असायचं, फॉन्ट त्याच्या जागी 'क' किंवा अर्धा 'त' काढायचा. तोच फॉन्ट नसेल तर वेष उतरतो. त्यात जुन्या मॅकचे फॉन्ट फाइलच्या दुसऱ्या, लपलेल्या कप्प्यात साठवलेले असत, जो कप्पा इतर सिस्टिमना दिसतच नाही. पण त्यावरही कोणीतरी बसून काम केलेलं आहे. 'फाँडू' नावाचं एक अवजार आहे, फॉन्टफोर्ज हा फॉन्ट घडवायचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या जॉर्ज विल्यम्सने लिहिलेलं. ते त्या कप्प्यातून फॉन्ट बाहेर काढून आजच्या साच्यात घालतं. सीडीवरच्या फॉन्टच्या फोल्डरवर मी ते चालवलं. काही फॉन्ट निघाले, काही नाही. अहवालाचा निघाला.

शीर्षक मराठीत आलं. मग ताळेबंद. मग अध्यक्षांचं मनोगत, अर्ध्या ओळी सरकलेल्या, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर बसलेल्या. मला भरून वगैरे यायच्या बेतात होतं. नानांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, "हे 'द्य' असं तुटलेलं मी सोडलं नसतं. तुझ्या मशीनने तोडलंय." मग, "आणि या ओळीतली जागा बघ, बैलगाडी जाईल मधून."

त्यानंतर त्यांनी विचारलं, यात पेजमेकर आहे का. मी पानं लावायचा खुला प्रोग्रॅम, स्क्रायबस, दाखवला. त्यांनी तो बराच वेळ हाताळला, फुकट आहे का विचारलं, आणि फुकट आहे हे त्यात दिसतं असं मत दिलं. मी वाद घातला नाही. मेन्यूंच्या बाबतीत मला त्यांचं पटतं. मात्र आता सोसायटीच्या नोटिसा, टाकी धुण्याच्या, पार्किंगच्या, ते याच मशीनवर तयार करतात, आणि पाणी बंद असल्याची आमच्या सोसायटीइतकी देखणी नोटीस मुलुंडमध्ये कुठे लागत नसेल.

लिनक्सवर मराठी कसं दिसतं, यावर त्यांचं बारीक लक्ष असतं. इथे मुंबईचंच देणं बरंच आहे. अक्षररचनाकार र. कृ. जोशी, ज्यांचं नाव घेताना नाना कानाच्या पाळीला हात लावतात, ते आयआयटीत शिकवत होते आणि पुढे जुहूच्या एनसीएसटी या सरकारी सॉफ्टवेअर संशोधन संस्थेत होते. विंडोजमधला 'मंगल' त्यांचा, आणि कोणालाही वापरायला मोकळा सोडलेला 'रघु' फॉन्टही त्यांचाच. त्याच एनसीएसटीत लिनक्सला भारतीय लिप्या शिकवण्याचं 'इंडिक्स' हे काम झालं. आता आमच्या मशीनवर नोटिशींना 'मुक्ता' लागतो, मुंबईच्याच एक टाइपने बनवलेला, तोही खुला. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे दाबून 'ऱ' येतो, 'दऱ्या' आणि 'दर्या' वेगळे राहतात. नानांनी चाचणी म्हणून पहिल्यांदा टाइप केलेला शब्द 'वाऱ्यावर' होता. पास झाला.

आता लिनक्सवाल्यांच्या टाळ्यांसाठी मी हे लिहीत नाहीये म्हणून हेही सांगते: लिनक्सचीही यादी असते. डेबियनने २०१७ मध्ये नवव्या आवृत्तीपासून जुन्या पॉवरपीसी मॅकना अधिकृत यादीतून काढलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तेरावी आवृत्ती आली, तिच्यात बत्तीस-बिटी मशीनांसाठी इन्स्टॉलरच नाही; म्हणजे २००६ चे पहिले इंटेल मॅकबुक, कोअर ड्युओवाले, इथूनही बाहेर. कारणं तीच: सांभाळणारी माणसं कमी, चाचणीला यंत्रं कमी. फरक पडतो तो पुढे. पॉवरपीसीचं डेबियन अनधिकृत विभागात काही मंडळी अजून बांधत बसली आहेत. कोणाला वाटलं तर तो हात लावू शकतो, कोणाची परवानगी काढावी लागत नाही. ॲपलच्या यादीला असं मागचं दार नाही. ओपनकोअर लेगसी पॅचर आहे म्हणा, जुन्या मॅकवर नवी मॅकओएस घुसवणारं; तेही बाहेरच्यांनीच खिडकीतून केलेलं काम.

दुकानदाराच्या त्या 'पूजा'वाल्या वाक्याकडे येते. जुन्या मॅकच्या बाबतीत मला सगळ्यात विचित्र वाटतं ते हे, की वय आणि आयुष्य यांची दिशा उलटी झाली आहे. २०१२ चा माझा प्रो उघडता येतो, त्याचे अवयव बदलता येतात, त्यावर कुठलीही सिस्टिम कोणाला न विचारता टाकता येते. २०१८ पासूनच्या मॅकबुकांत टी२ नावाची सुरक्षा चिप आली. डिस्क बोर्डावर डकवलेली आणि तिच्यातला डेटा टी२ च्या किल्लीने बंद. बाहेरच्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचं तर आधी मॅकओएसच्या रिकव्हरीत, म्हणजे दुरुस्तीसाठी ठेवलेल्या भागात, जाऊन स्टार्टअप सिक्युरिटीची सेटिंग सैल करायची, आणि ती करायला त्या मशीनवरच्या मॅकओएसच्या ॲडमिनचा पासवर्ड लागतो. उत्साहाच्या भरात आधीच डिस्क पुसली असेल तर मॅकओएस पुन्हा टाका, मग सेटिंग बदला, मग ते पुसा. कीबोर्ड आणि ट्रॅकपॅडसुद्धा टी२ मधून जातात, म्हणून साधं लिनक्स टाकलं तर ते मुके राहतात. टी२लिनक्स या प्रकल्पाचं खास कर्नल लागतं. चोरीला आळा बसतो, डेटा सुरक्षित राहतो, हे खरं आहे आणि त्याची किंमत मी कमी लेखत नाही. लोकलमध्ये बॅग गेलेल्या माणसाला विचारा. पण मालकाने मशीन कायदेशीर रीत्या विकल्यावरही ते कुलूप उरतं.

२०२० च्या शेवटी ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपा आल्या, तेव्हा तर वाटलं की संपलं. हेक्टर मार्टिन या अभियंत्याने आसाही लिनक्सचं, म्हणजे या चिपांवर लिनक्स चालवण्याचं, काम सुरू केलं आणि २०२२ च्या मार्चमध्ये पहिली आवृत्ती बाहेरही काढली. अ‍ॅलिसा रोझेनझ्वाइग आणि इतरांनी ग्राफिक्स चिप, जिच्यावर ॲपलची कागदपत्रं उपलब्ध नाहीत, तिच्यासाठी ड्रायव्हर लिहिला. त्याच वर्षी टॉरवाल्ड्सने कर्नलची ५.१९ ही आवृत्ती एम२ मॅकबुक एअरवरून प्रसिद्ध केली. इथे ॲपलच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी: या मशीनांवर दुसरी सिस्टिम सुरू करायची वाट त्यांनी जाणूनबुजून उघडी ठेवली आहे. टी२ पेक्षा बरी. पण वाट दाखवली, दिवा नाही दिला. २०२५ च्या फेब्रुवारीत मार्टिन थकून बाजूला झाला. इतरांनी काम पुढे चालू ठेवलं आहे.

आणि २०२५ च्या जूनमध्ये ॲपलने जाहीर केलं की टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची मॅकओएस. म्हणजे येत्या काही वर्षांत उरलेसुरले सगळे इंटेल मॅक एकदम यादीबाहेर पडणार. लॅमिंग्टन रोडवर त्याची चाहूल आधीच आहे. बीकेसी, पवईच्या ऑफिसांतून लॉटच्या लॉट निघतात, चकाचक, स्टिकरचे डागही पुसलेले. दुकानदाराने मला माळ्यावर रचलेली चळत दाखवली: वरवर नवी वाटणारी, पण कुठल्यातरी कंपनीच्या व्यवस्थापन खात्याला जोडलेली किंवा जुन्या मालकाच्या ॲपल आयडीला बांधलेली. त्यांचे पडदे आणि कीबोर्ड काढून विकतात. बोर्ड साकीनाक्याकडे जातात.

तेव्हा कोणी विचारलं तर मी सांगते ते एवढंच. लिनक्ससाठी मॅक फुकट मिळत असेल तर २०१२ चा जाड प्रो डोळे मिटून घ्या. २०१३ ते २०१७ मधला एअर हलका आहे, चांगला चालतो, पण रॅम वाढत नाही, म्हणून चार जीबीवाला टाळा. २०१५ चा प्रोही छान. २०१८ ते २०२० मधलं इंटेल मॅकबुक कितीही स्वस्त मिळालं तरी दुकानातच सुरू करून घ्या, सेटिंगमध्ये जुन्या मालकाचा आयडी निघालाय का बघा, रिकव्हरीत जाऊन बाहेरच्या डिस्कवरून सुरू करायची परवानगी तिथल्या तिथे, दुकानदाराच्या समोर, चालू करून घ्या. ट्रॅकपॅडचे चारही कोपरे दाबून पाहा. आणि सीरियल नंबर लिहिलेलं बिल मागा. कुरकुर करतील, पण देतात.